माया न सोडता बेतलेला पोशाख
(मंडळाच्या महिला शाखेच्या सभेत, जयनगर येथे केलेले भाषण)



आम्ही पाचजणी काही व्यवसायाने शिंपी नाही. मुलींची परकर-पोलकी शिवता शिवता मशीनवर हात बसला, एवढीच आमची विद्या. दोरीच्या मल्लखांबासाठी लागणारा अंगाबरोबरचा ताणाचा पोशाख, म्हणजे लिओटार्ड, घरी कसा शिवावा हे सांगण्याची आज्ञा झाली, म्हणून उभ्या आहोत.

आरंभी आमची चूक सांगणे प्राप्त आहे. गेल्या गणेशोत्सवात मुलींचे पोशाख आम्हीच शिवले होते. दहा वर्षांची एक मुलगी दोरीवर उलटी झाली, तिने पाय फाकले आणि कडेची शिवण तटतट उसवली. ती खाली उतरली, आईच्या शालीत तोंड लपवून बसली आणि पुढे दोन महिने सरावास आली नाही. तिच्या आईने आम्हांस एका शब्दाने विचारले नाही. विचारले असते तर बरे झाले असते!

मल्लखांब आपल्या घरचा. दुसऱ्या बाजीरावाच्या काळातील बाळंभटदादा देवधरांनी त्याला पुन्हा ऊर्जितावस्था आणली. हा पोशाख मात्र परका. १८७० मध्ये वारलेल्या लेओतार नावाच्या फ्रेंच झुलेवाल्यावरून त्याचे नाव पडले. त्याची रीतही आपल्या शिवणाहून अगदी उलटी आहे, आणि तिथेच आम्ही फसलो. वाढत्या अंगाची मुलगी, दोन बोटे माया सोडावी, हे आईने शिकविलेले. येथे माया सोडली की कापडाची चुणी पडते आणि नेमकी तीच दोरीत अडकते. हा पोशाख अंगाच्या मापाहून लहानच बेतावा लागतो. वाढीची सोय कापडाच्या ताणातच असते.

म्हणून कापड पारखून घ्यावे. १० सेंटिमीटरचा भाग पट्टीवर धरून ताणावा. तो १५ पर्यंत सहज गेला आणि सोडताच १० वर परतला तर घ्यावा. ११ वर रेंगाळला, तर कितीही चकाको, दुकानदारास नमस्कार करून उठावे. जयनगरहून मेट्रोने थेट चिकपेटला जाता येते. तेथे पट्टी घेऊन जाण्यास लाजू नये.

छाती, कंबर, नितंब ही मापे आपण घेतोच. पण मुख्य माप निराळे: खांद्यावरून पुढून खाली, दोन्ही पायांच्या मधून, पाठीवरून वर त्याच खांद्यापर्यंत. हे आम्ही घेतलेच नव्हते! ते आईनेच घ्यावे, दार लावून, मुली संकोचतात. छाती ६० असेल तर दहावा भाग वजा करून ५४, त्याचा चौथा हिस्सा साडेतेरा. उभ्या मापात विसावा भागच कमी करावा, म्हणजे १२० चे ११४. तेही कापड उभे ताणत असेल तरच. जास्त ताण अंगाभोवती आडवा यावा.

सुई गोल टोकाची, म्हणजे धागे कापले जात नाहीत. दोरा पॉलिएस्टरचा, सुती दोऱ्यानेच आमचा घात केला. टीप झिगझॅग. साधी पायमशीन असेल तर कापड पुढून-मागून किंचित ताणून धरावे आणि दोन टिपा घालाव्या. पायाच्या घेराला इलास्टिक दहाव्या भागाने कमी घ्यावे. पुढे जवळजवळ न ताणता लावावे, सारा ताण मागे घालावा. आत मध्यभागी सुती होजिअरीचे अस्तर हवेच.

एका आजीबाईंनी उघड्या पायांविषयी नापसंती दर्शविली. आम्ही वाद घातला नाही. २०२१ साली टोकियोच्या ऑलिंपिकमध्ये जर्मनीच्या मुली घोट्यापर्यंतचे पोशाख घालून उतरल्या होत्या. तसा हवा असेल तर बेत तोच, पाय लांबवावे.

नव्या रीतीने शिवलेला पहिला पोशाख आम्ही त्या मुलीच्या घरी नेला. तिने तो घेतला, आतल्या खोलीत गेली आणि दार लावले. बराच वेळ जमिनीवर धपधप आवाज येत होता. उठाबशा, कमान, पुन्हा उठाबशा. बाहेर आली तेव्हा दम लागला होता. "काखेत थोडा काचतो," एवढेच म्हणाली. आम्ही तिथेच मुंढा अर्धा सेंटिमीटर खोल केला. सोमवारी ती सरावास आली.

खाकी कागदावरचे बेत मंडळाच्या कपाटात ठेवले आहेत. उतरवून घ्यावे, मूळ कागद नेऊ नये. ज्यांच्याकडे झिगझॅगची मशीन असेल त्यांनी सभेनंतर आम्हांस भेटावे. अजून अकरा पोशाख व्हायचे आहेत.