जन्माची व्याख्या आणि बालमृत्यूचा दर



बालमृत्यूचा दर हा समाजाच्या आरोग्याचा आरसा मानला जातो. जिवंत जन्मलेल्या दर हजार बालकांमागे किती बालके वयाचे एक वर्ष पुरे होण्याआधी दगावली, हे त्यावरून कळते. तथापि ‘जिवंत जन्म’ कशास म्हणावे, याविषयी सर्व देशांचे कायदे एकमताचे नव्हते. त्याचा आकड्यांवर काय परिणाम होतो, याचा आज आपण विचार करू.

जागतिक आरोग्य संघटनेने १९५० मध्ये एक व्याख्या स्वीकारली. गर्भावधी कितीही असो, मातेपासून पूर्णपणे वेगळे झाल्यावर बालकाने श्वास घेतला, त्याचे हृदय धडधडले, नाळेत स्पंदन जाणवले किंवा स्नायूंची स्पष्ट हालचाल झाली, तर तो जिवंत जन्म होय.

सोव्हिएत संघाचा नियम निराळा होता. तेथे श्वास हीच जीवनाची खूण मानली जाई. अठ्ठावीस आठवड्यांपूर्वी जन्मलेले, एक किलोहून कमी वजनाचे अथवा पस्तीस सेंटिमीटरहून कमी लांबीचे मूल पहिल्या सात दिवसांत दगावले, तर त्याची गणना गर्भपातात होई. त्याचा जन्म नोंदला जात नसे, आणि मृत्यूही नाही. साहजिकच, बालमृत्यूचा प्रसिद्ध होणारा दर प्रत्यक्षाहून कमी दिसे. रशियाने १९९३ मध्ये जागतिक व्याख्येकडे वाटचाल केली. १९९२ मध्ये हजारी सुमारे १८ असलेला दर १९९३ मध्ये सुमारे २० झाला. त्या वाढीला इतर कारणेही होती; परंतु तिचा काही भाग केवळ मोजण्याची रीत बदलल्यामुळे होता. त्यानंतरही एक किलोहून कमी वजनाचे मूल सात दिवस जगले तरच नोंदावे, ही अट २०१२ पर्यंत टिकून होती.

फ्रान्समध्येही १८०६ च्या एका फर्मानामुळे, नोंदणी होण्यापूर्वीच दगावलेले मूल श्वास घेऊन गेले असले तरी दप्तरात ‘निष्प्राण बालक’ म्हणूनच लिहिले जाई. १९९३ च्या कायद्याने ही रीत बदलली. तेथील सांख्यिकी खात्याला अशी मुले वेगळी मोजून बेरजेत मिळवावी लागत.

आता आपल्याकडे पाहू. आपला जन्म व मृत्यू नोंदणी अधिनियम १९६९ चा आहे. त्यातील जिवंत जन्माची व्याख्या जागतिक व्याख्येशी जुळणारी असून तीत गर्भावधीची अट नाही. म्हणजे कायद्यात उणीव नाही. उणीव राहू शकते ती नोंदीत. तासाभरात दगावलेले बालक ‘उपजत मृत’ असे लिहिले गेले, तर ते बालमृत्यूच्या हिशेबातून सुटते. समजा, एका तालुक्यात हजार जिवंत जन्म झाले आणि तीस बालके दगावली. दर ३० झाला. त्यांतील पाच उपजत मृत लिहिली गेली, तर ९९५ जन्मांमागे पंचवीस मृत्यू, म्हणजे दर सुमारे २५ येईल. एकही बालक वाचले नाही, तरी प्रगती झाल्याचे दिसेल!

याची किंमत पुढच्या मातांना मोजावी लागते. जन्मानंतरच्या पहिल्या तासांतील मृत्यू प्रसूतीच्या वेळची देखभाल, उबेची सोय आणि श्वास सुरू करून देण्याचे कौशल्य यांतील त्रुटींकडे बोट दाखवतात. ते दप्तरात आलेच नाहीत, तर त्या त्रुटी दूर करण्याची निकडही कोणास वाटणार नाही.

म्हणून अशा बालकाच्या जन्माची आणि मृत्यूची, दोन्ही नोंदी एकवीस दिवसांच्या आत व्हाव्यात. शिक्षकांनी हे पालकांना समजावून सांगावे. पंचायत सदस्यांनी नोंद झाली की नाही, याची आपुलकीने चौकशी करावी. अधिकाऱ्यांनी, नोंदणी सुधारल्यामुळे वाढलेला आकडा हा कर्मचाऱ्यांचा दोष मानू नये. क्षणभर जगलेले मूलही या जगात आले होते. त्याची नोंद करणे हे त्याच्याविषयीचे आपले पहिले आणि अखेरचे कर्तव्य आहे.