शिदोरी दोघांची

श्रोतेहो, वेळ थोडा आहे आणि सांगायची गोष्ट एकच आहे, तेव्हा प्रस्तावना नको. पोकेमॉन तुम्हाला माहीत आहे. पिकाचू आपल्या वर्ध्यातल्या पोरांच्या कंपासपेटीवरही येऊन बसला होता. मी मात्र कार्टूनवर बोलणार नाही. ज्या खेळातून हे सगळं निघालं, तो १९९६ साली जपानात आलेला, गेम बॉय या हातात मावणाऱ्या यंत्रावरचा पहिला पोकेमॉन खेळ, हा आजचा विषय.

परवा हिंगणघाटचा कॉलेजातला एक मुलगा म्हणाला, "सर, तो जुना खेळ मोबाईलवर खेळून पाहिला. दहापैकी चार. रंग नाहीत, माणूस पळत नाही, लढाया संथ." मी विचारलं, "कोणासोबत खेळलास?" तो म्हणाला, "कोणासोबत म्हणजे? एकटाच."

बाबा रे, मग तू तो खेळ खेळलाच नाहीस. माझं म्हणणं एवढंच आहे आणि आज मी ते पुन्हा पुन्हा म्हणणार आहे: हा खेळ दोघांचा आहे, त्याची पारख एकट्यानं होत नाही.

शिदोरीचं बघा. कापूस वेचायला निघालेली बाई फडक्यात काय बांधते? ज्वारीच्या दोन भाकरी, जवसाची चटणी, एक कांदा. फडकं लहान, म्हणून काय घ्यायचं आणि काय घरी ठेवायचं हे आधी ठरवावं लागतं. गेम बॉयचं फडकं तर फारच लहान. पडदा १६० बाय १४४ ठिपक्यांचा, छटा चारच, आणि मागून उजेड नाही. जपानातला तो मूळ खेळ अर्ध्या एमबीत बसवला होता. आज मोबाईलवर काढलेला एक फोटो त्याच्या कितीतरी पट जागा घेतो. तेवढ्यात गावं, गुहा, समुद्र, जादूच्या शक्ती असलेले १५० प्राणी. आणि अगदी शेवटी, चाचणीसाठी घातलेलं सामान काढल्यावर जेमतेम ३०० बाइट जागा मोकळी झाली, त्यात शिगेकी मोरिमोतो या प्रोग्रामरनं म्यू हा १५१वा प्राणी बसवला. गाठ मारता मारता कोपऱ्यात एक हिरवी मिरची सरकवावी तसा.

पण ही झाली बांधणी. शिदोरी उघडते कुठे? शेतात, लिंबाखाली. चौघी बसल्या की हिची चटणी तिच्याकडे जाते, तिचं लोणचं हिच्याकडे येतं. गोपाळकाला वेगळा काय असतो? हा खेळ करणाऱ्यांनी नेमकं हेच ओळखलं. त्यांनी एकच खेळ दोन डब्यांत, म्हणजे दोन कार्ट्रिजमध्ये, काढला, जपानात लाल आणि हिरवा, पुढे १९९८पासून परदेशात लाल आणि निळा. लाल डब्यात ग्राउलिथ हा प्राणी सापडतो, व्हल्पिक्स सापडत नाही. निळ्यात व्हल्पिक्स आहे, ग्राउलिथ नाही. कितीही जागा, कितीही खेळा, एकट्याच्या डब्यात सगळे प्राणी जमत नाहीत. दुसरा हवा, त्याचं यंत्र हवं आणि दोन यंत्रं जोडणारी केबल हवी.

सातोशी ताजिरी हा या खेळाचा जनक. टोकियोच्या उपनगरात वाढलेला, लहानपणी किडे गोळा करणारा. गेम बॉयची केबल पाहून त्याच्या मनात आलं, की या तारेवरून किडे इकडून तिकडे चालत जातील. आपल्याकडे पहिला पाऊस झाला की काळ्या मातीतून लाल मखमली मृगाचे किडे निघतात. ते आगपेटीत घालून शाळेत नेले नाहीत आणि दोन किड्यांवर एक गोटी असा सौदा केला नाही, असा माझ्या वयाचा माणूस वर्धा जिल्ह्यात शोधावा लागेल. ताजिरी काय म्हणत होता हे आपल्याला समजावून सांगायची गरज नाही.

आता डोळ्यांनी पाहिलेलं सांगतो. २००१चा मे महिना, आर्वीला भावाचं घर. मुंबईहून आलेल्या भाच्याकडे निळा खेळ, शेजारच्या मुलाला काकांनी दुबईहून आणलेला लाल. दुपारी वीज गेली. यंत्रं पेन्सिल सेलवर चालू होती, पण आतल्या खोलीत पडद्यावर काही दिसेना. म्हणून दोघे उंबऱ्यात सरकले. केबल आखूड, त्यामुळे डोक्याला डोकं लागलेलं. भाच्याकडे हाँटर नावाचं भूत होतं. त्याचं गेंगार व्हायला एकच वाट आहे, ते दुसऱ्याला द्यायचं. दिलं की ते बदलतं, पण बदलतं त्याच्या यंत्रात. मोठं झालेलं भूत त्याच्याकडे, तुमच्या हाती त्यानं दिलेलं काहीतरी साधं. त्यानं परत दिलं तरच ते तुमचं.

भाचा कितीतरी वेळ बटणावर अंगठा ठेवून बसला होता. "परत देशील ना बे?" "देतो म्हटलं ना." मग त्यानं बटण दाबलं. दोघांचा श्वास थांबलेला मला ऐकू येत होता. गेंगार झालं आणि शेजारच्यानं ते परत दिलं. दहापैकी चार देणाऱ्या मुलानं हा क्षण कुठे मोजला? त्याच्या खेळात तो आलाच नाही. म्हणून पुन्हा सांगतो, एकट्यानं पारख होत नाही.

आणखी एक बारकावा. दुसऱ्याकडून आलेल्या प्राण्यावर मूळ मालकाचं नाव कायम राहतं. आपण लग्नातल्या भांड्यांवर नाव घालतो ना, तसं. ताट शेजारी गेलं तरी नाव पुसत नाही. शिवाय तो परका प्राणी दीडपट वेगानं शिकतो, आणि तुम्ही खेळातले पुरेसे बिल्ले जिंकलेले नसतील तर तुमचं ऐकतही नाही. पाहुण्या पोराला सांभाळावं तसं त्याला सांभाळावं लागतं.

दोष आहेत, ते लपवत नाही. पिशवीत २०च प्रकारच्या वस्तू मावतात. मनोबळाच्या प्राण्यांना तोडीस तोड नाही. वर्मी घाव बसण्याची शक्यता वाढवणारी एक युक्ती प्रोग्राममधल्या चुकीमुळे ती उलट कमीच करते. आणि सगळा मजकूर इंग्रजीत. मराठी शाळेतलं आपलं पोट्टं शब्दकोश मांडीवर घेऊन हा खेळ खेळलं, हे मी पाहिलं आहे. मराठीत असे खेळ का होत नाहीत, आपल्या गावांचे, आपल्या किड्यांचे, यावर मला बरंच... पण स्टुडिओच्या काचेपलीकडून वेळ संपत आल्याचा हात वर झाला. ते आज राहिलं.

जाता जाता आईबाबांना एक सांगतो. माळ्यावर जुना गेम बॉय पडला असेल तर आधी त्यातले सेल काढा, ते फुटून आतली पत्री खातात. खेळाच्या डब्यातही एक चपटा सेल असतो. तो संपला की पोरांनी जमवलेलं सगळं पुसलं जातं, तो बदलायला झाळकाम येणारा माणूस गाठा. आणि डब्याशेजारी दोन्ही टोकांना सारखीच पिन असलेली काळपट केबल सापडेल. ती कशाची म्हणून भंगारवाल्याला देऊ नका.