सांची-भारहुतच्या शिल्पांतील गाव आणि नगर

मध्य प्रदेशात विदिशेजवळ सांची येथे जो मोठा स्तूप, म्हणजे पवित्र अवशेषांवर उभारलेली घुमटाकार वास्तू, आहे, त्याची चार तोरणे, अर्थात कोरीव प्रवेशद्वारे, इ. स. पूर्व पहिल्या शतकात, सातवाहन काळात घडवली गेली. त्यांवरचे प्रसंग बुद्धचरित्रातले आणि जातकांतले, म्हणजे बुद्धाच्या पूर्वजन्मांच्या कथांतले, असले, तरी त्यांतली घरे, पेहराव आणि कामधंदे शिल्पकारांनी आपल्या भोवतालचेच घेतले. त्यामुळे ही धर्मशिल्पे लोकजीवनाच्या इतिहासाचेही साधन ठरली आहेत.

पूर्व तोरणाच्या एका खांबावर उरुवेला गाव कोरलेले आहे. इंद्र आणि ब्रह्मा बुद्धाच्या भेटीला आले आहेत असा तेथील प्रसंग असून, त्या काळच्या रीतीप्रमाणे बुद्धाची मूर्ती न कोरता रिकाम्या आसनाने त्याचे अस्तित्व सुचवले आहे. मात्र मागच्या घरांपुढे एक बाई उखळात धान्य कांडते आहे, दुसरी सुपाने पाखडते आहे, तिसरी पोळ्या लाटते आहे आणि चौथी पाट्यावर मसाला वाटते आहे. समोर नैरंजना नदीकाठी गुरे आहेत आणि एक बाई घागर भरते आहे. देव दारी आले तरी गावाचा कामाचा हात थांबलेला नाही.

नगराची ओळख मात्र कामाने नव्हे, तर तट, वेशी आणि सज्जे यांनी पटते. दक्षिण तोरणावर बुद्धाच्या अस्थींसाठी कुशिनगराला पडलेला वेढा दाखवला आहे. याच तोरणावरच्या एका लेखात विदिशेच्या दंतकारांनी, म्हणजे हस्तिदंतावर कोरीव काम करणाऱ्या कारागिरांनी, आपण येथे शिल्पकाम केल्याचे नोंदवले आहे. म्हणजे या तोरणाच्या घडणीत नगरात वावरणाऱ्यांचाही हात आहे.

गाव आणि नगर यांची गाठ पडते ती सांचीच्या तोरणांआधीच्या भारहुत येथील स्तूपाच्या एका शिल्पात. श्रावस्तीचा धनिक अनाथपिंडिक बुद्धासाठी जेतवन ही बाग विकत घेत आहे, आणि किंमत म्हणून त्या भूमीवर चौकोनी नाणी अंथरली जात आहेत. पैसा नगरातल्या व्यापाराचा, पण तो वाहून आणला आहे बैलगाडीने, आणि जू उतरवलेले बैल गाडीशेजारी विसावले आहेत.