इच्छा आणि खरेदी यांमधील अवधी



एखादी वस्तू हवीशी वाटणे आणि तिचे पैसे चुकते होणे यांदरम्यान पूर्वी बराच काळ जात असे. दुकान गाठावे लागे, दोन ठिकाणी भाव विचारावा लागे, नोटा मोजून द्याव्या लागत, आणि या खटाटोपात कितीतरी इच्छा आपोआप विरून जात. आजच्या विक्रीतंत्राने आपले सारे कौशल्य हा अवधी संपवण्यासाठी पणाला लावले आहे. पत्ता आणि कार्डाचा तपशील आधीच साठवलेला असतो, पैसे नंतर हप्त्याने देण्याची सोय पुढ्यात असते, आणि 999 रुपयांच्या शेजारी 2,999 हा आकडा खोडून दाखवलेला असतो. आमोस ट्वर्स्की आणि डॅनियल कानमन या मानसशास्त्रज्ञांनी 1974 मध्ये दाखवून दिले की, अंदाज बांधताना माणसाचे मन प्रथम कानी पडलेल्या आकड्यापासून फारसे दूर जात नाही. या प्रवृत्तीला ‘अँकरिंग’ म्हणतात आणि खोडलेली किंमत तिच्यावरच काम करते. तेव्हा अशा खरेदीला तरुणांचा उधळेपणा म्हणून मोकळे होणे हा त्यांच्यावर अन्याय आहे.

या विक्रीतंत्रातील फसव्या भागाला आळा घालण्यासाठी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 30 नोव्हेंबर 2023 रोजी ‘डार्क पॅटर्न’विरोधी मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. ग्राहकाची दिशाभूल करून, त्याच्या मनात मुळात नसलेला निर्णय त्याच्याकडून करवून घेणारी पडद्यावरची रचना म्हणजे डार्क पॅटर्न. या तत्त्वांत नोंदवलेल्या 13 प्रकारांत ‘शेवटचे दोनच नग शिल्लक’ अशी खोटी घाई आहे, न विचारता बिलात घातलेली देणगी आहे, विमा नाकारणाऱ्याला लाजवणारी शब्दयोजना आहे, आणि घेताना सोपे पण बंद करताना जिकिरीचे ठरणारे सदस्यत्वही आहे.

मात्र कायद्याचा धाक अशा फसव्या रचनांपुरता आहे. सवलत खरी असेल आणि वस्तू अनावश्यक असेल, तर कायदा तेथे काहीच करू शकत नाही. या बाबतीत 1975 मध्ये स्थापन झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीचे काम फार मोलाचे वाटते. शेजारपाजारच्या कुटुंबांनी संघ करायचा, महिन्याची यादी आधी भरायची आणि एकत्र खरेदी केलेला माल आपसांत वाटून घ्यायचा, ही तिची पद्धत. एकत्रित खरेदीमुळे पैसे वाचतात हा लाभ उघड आहे, पण यादी भरण्यासाठी घरात बसून विचार करावा लागतो, हा लाभ त्याहून खोल आहे.

महाविद्यालयातही असे गट सहज उभे राहू शकतात. वह्या आणि प्रयोगशाळेचे कोट एकत्र घेता येतात, संमेलनात एकदाच घालायचा पोशाख आपसांत फिरवता येतो, आणि एखाद्याची ऑनलाइन फसवणूक झाल्यास त्या पडद्याचा स्क्रीनशॉट जपून ठेवून 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवण्यासाठी गटातील इतरांना त्याच्या पाठीशी उभे राहता येते.