मोटार निवडताना जडत्वाचा विचार

तळमजल्यावरचा पंप जळला की वसईजवळच्या आचोळ्यातल्या सोसायटीत पहिला सल्ला ठरलेला असतो: पाचऐवजी साडेसात एचपीची मोटार बसवा. हा सल्ला मला बहुतेक वेळा चुकीचा वाटतो. का, ते सांगतो.

वसईच्या वाड्यांमध्ये ज्यांनी रहाट पाहिलाय त्यांना आठवेल, जनावराला खरा जोर लागायचा तो पहिल्या पावलाला. थांबलेली वस्तू फिरायला नाखूश असते, फिरती थांबायला. हेच फिरण्याचं जडत्व. ते नुसत्या वजनावर ठरत नाही. वजन आसापासून किती लांब आहे त्यावर जास्त ठरतं. चार किलोची कडी दहा सेंटिमीटरवरून वीस सेंटिमीटरवर नेली, तर वजन तेच राहून जडत्व चौपट होतं.

आपल्या सेंट्रिफ्युगल पंपाचा पंखा मात्र लहान असतो. बहुधा मोटारीच्या रोटरचं जडत्वच त्याच्यापेक्षा जास्त भरतं. शिवाय पाण्याचा भार वेगाबरोबर वाढत जातो, सुरुवातीला तो थोडाच असतो. म्हणून हा पंप एरवी क्षणात वेग घेतो.

मग मोटार जळते कशाने? सुरू होताना ती नेहमीच्या सहा-सात पट करंट ओढते. रिकामा रोटर पूर्ण वेगाला येईपर्यंत त्याच्या फिरण्यात जेवढी ऊर्जा साठते, साधारण तेवढीच उष्णता रोटरमध्ये तयार होते. पाण्याचा भार असेल तर आणखी. टाकीतला फ्लोट स्विच पंपाला सतत चालू-बंद करत असेल, तर ही उष्णता निघून जायला उसंतच मिळत नाही. त्यात व्होल्टेज ८० टक्क्यांवर आलं की मोटारीचा जोर ६४ टक्के उरतो, वेग घ्यायला वेळ लागतो आणि वाइंडिंग तापत राहतं. मोठी मोटार सुरू होताना आणखी करंट ओढते, व्होल्टेज आणखी पाडते.

लांब जलवाहिनीवरची गोष्ट उलटी. सूर्या नदीचं पाणी आपल्याकडे मैलोन्‌मैल पाइपातून येतं. अशा ठिकाणी वीज गेल्यावर हलका पंप झटकन थांबला, तर पाइपातलं पाणी पुढे धावत राहतं, मागे पोकळी पडते, आणि परतलेलं पाणी घणासारखं आदळतं. हा आघात टाळण्याचा एक उपाय म्हणजे पंपाच्या शाफ्टवर जड फ्लायव्हील बसवणं. तिथे मात्र ते चाक वेगाला आणू शकेल अशीच मोटार हिशेब करून घ्यावी लागते.

तेव्हा सोसायटीच्या पदाधिकाऱ्यांनो, एचपी वाढवण्याआधी दोनच गोष्टी करा. पंप सुरू होताना व्होल्टेज किती उतरतं ते मोजा, आणि तासाभरात तो किती वेळा सुरू होतो ते वहीत लिहा. ती वही घेऊनच दुकानात जा.