साधनाची परीक्षा मुलाच्या हाती

(केंद्रातील शिक्षण परिषदेत झालेले भाषण)



मोबाइलवर व संगणकावर चालणारी शैक्षणिक साधने आता कित्येक प्राथमिक शिक्षक स्वतःच तयार करू लागले आहेत. ही गोष्ट निःसंशय अभिनंदनीय आहे. परंतु साधन चालू होणे निराळे आणि ते मुलाच्या हाती चालणे निराळे. एखाद्या शिक्षकाने पाढ्यांची चाचणी तयार केली, अशी कल्पना करावी. दुसरीतील मुलगी ‘सात आठे’ वाचून छप्पन्न हा आकडा बिनचूक लिहिते आणि स्वस्थ बसते. खाली ‘सादर करा’ अशी चौकट आहे. ती दाबावयाची असते हे तिला ठाऊक नाही. वेळ संपते व तिच्या नावापुढे शून्य पडते. मुलीला पाढा येत होता. न आलेली गोष्ट शिक्षकाच्या साधनातील होती.

यंत्र आणि मनुष्य यांच्यामधील देवघेव वापरणाऱ्याच्या दृष्टीने बेतण्याचे एक शास्त्रच आज आहे. नवशिक्याने त्याचे तीन धडे प्रथम गिरवावेत.

पहिला धडा असा की, चुकीचे खापर वापरणाऱ्याच्या माथी फोडण्याची घाई करू नये. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या बी-१७ विमानांच्या बाबतीत एक विलक्षण प्रकार घडू लागला. विमान सुखरूप उतरल्यावर वैमानिक पंखांच्या झडपा मिटण्याऐवजी चाकेच मिटून टाकीत आणि विमान पोटावर आपटे. हा वैमानिकांचा हलगर्जीपणा, असे सहज म्हणता आले असते. अल्फॉन्स चॅपॅनिस हे तरुण मानसशास्त्रज्ञ १९४२ साली लष्करी हवाई दलाच्या वैद्यकीय प्रयोगशाळेत दाखल झाले होते. त्यांनी वैमानिकाला दोष न देता त्याच्या हाताखालील कळा पाहिल्या. दोन्ही कामांच्या कळा शेजारी शेजारी व एकसारख्या दिसणाऱ्या होत्या. दमलेल्या माणसाचा हात तेथे चुकणारच! चॅपॅनिस यांनी सुचविलेला उपाय अगदी साधा होता : चाकांच्या कळीला लहानसे चाक व झडपांच्या कळीला पाचरीच्या आकाराचा तुकडा बसवावा, म्हणजे न पाहताही हाताला फरक कळेल. आजही मोठ्या प्रवासी विमानांत चाकांच्या कळीचे टोक चाकाच्याच आकाराचे असते. निम्म्या वर्गाने एकच चूक केली तर जाणता शिक्षक मुलांना रागावण्यापूर्वी आपला पाठ तपासतो. तत्त्व तेच आहे.

दुसरा धडा, साधन करण्यापूर्वी ते वापरणारा मनुष्य व त्याचे काम पाहावे. जॉन गूल्ड व क्लेटन लुईस या संशोधकांनी १९८५ साली ह्या शास्त्राची तीन सूत्रे मांडली : आरंभापासूनच वापरणाऱ्यांकडे व त्यांच्या कामाकडे लक्ष देणे, प्रत्यक्ष वापर पाहून त्याची मोजणी करणे, आणि दुरुस्ती करून पुनःपुन्हा पारखणे. १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये खेळाडूंना आप्तेष्टांचे निरोप त्यांच्याच आवाजात ऐकू यावेत म्हणून आयबीएम कंपनीने एक व्यवस्था उभारली होती. तिच्या घडणीत गूल्ड व त्यांचे सहकारी ह्याच मार्गाने गेले. व्यवस्था बारा भाषांत चालावयाची होती. खेळाडू काय दाबील व त्याला काय ऐकू येईल, हे त्यांनी प्रथम कागदावर लिहून काढले आणि लोकांना दाखविले. पुढे नमुना येण्याजाण्याच्या वाटेवर ठेवून वाटसरूंचे अभिप्राय घेतले. यंत्र पुरे होण्याच्या कितीतरी आधी त्याचे दोष अशा रीतीने उमगले.

तिसरा धडा शिक्षकाला सर्वांत अवघड वाटेल. तो म्हणजे गप्प राहून पाहणे. साधनाचा प्रत्येक पडदा आधी कोऱ्या कागदावर पेन्सिलीने काढावा. एका वेळी एकच मूल बोलवावे, त्यास एक काम सांगावे आणि मनात येईल ते मोठ्याने बोलण्यास सांगावे. मूल बोटाने कागदावर ‘दाबील’. शिक्षकाने त्याप्रमाणे पुढचा कागद समोर ठेवावा. मूल अडखळले की ‘अरे, तिथे दाब’ असे शब्द ओठांवर येतात, ते आवरावेत. मूल जेथे अडले तेथे आपल्या वहीत खूण करावी. चारपाच मुले एकाच जागी अडली, तर ती जागा बदलावी व नव्या कागदांनिशी पुन्हा पाहावे. कागद खोडण्यास काहीच खर्च येत नाही. पुऱ्या झालेल्या साधनाचा मात्र मोह पडतो आणि दुरुस्ती जिवावर येते.

हे पाहताना केवळ हुशार मुले निवडू नयेत. ज्याच्या घरी मोबाइल नाही, ज्याला अद्याप वाचता येत नाही, ज्याची घरची बोली निराळी आहे, अशा मुलाला अवश्य बोलवावे. साधनातील खाचखळगे त्याच्याच पायाला प्रथम लागतात.

पाढ्यांच्या त्या चाचणीत एवढाच बदल पुरे आहे : ‘सादर करा’च्या जागी मोठा हिरवा बाण ठेवावा आणि आरंभी एक उदाहरण मुलाकडून सोडवून घ्यावे. तो बाण तरी मुलांना उमगतो की नाही, हे मात्र पुन्हा मुलांकडूनच पारखून घ्यावे. चाचणीतील शून्य नोंदवहीत जाते, नोंदवहीवरून मुलाविषयी मत बनते आणि ते मत पुढे वर्षानुवर्षे मुलाची पाठ सोडत नाही. म्हणून मुलाची परीक्षा घेणाऱ्या साधनाने आपली परीक्षा प्रथम मुलाच्या हाती द्यावी, हेच ह्या तीन धड्यांचे सार होय.