तारुण्यपीटिका, मद्य आणि त्वचेचे आरोग्य

(महाविद्यालयीन विद्यार्थी आणि पालक यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



माणसाची ओळख चेहऱ्यावरून पटते आणि दुर्दैवाने पुष्कळदा त्याच्याविषयीचा निवाडाही चेहऱ्यावरूनच केला जातो. सोळा-सतरा वर्षांच्या मुलाच्या गालांवर पुटकुळ्या उठल्या की घरात प्रश्न निघतो, "बाहेर काय खातोस, काय पितोस?" मध्यम वयाच्या एखाद्या गृहस्थाचे नाक लालसर दिसू लागले की शेजारीपाजारी कुजबुज सुरू होते. उलट, रोज सायंकाळी गुत्त्याकडे वळणाऱ्या मजुराच्या हातांवरची कातडी काळवंडून सोलवटू लागली, तर "उन्हाने करपली असेल" असे म्हणून तिकडे दुर्लक्ष होते. पहिल्या दोघांना नसलेला दोष चिकटवला जातो. तिसऱ्याचा असलेला आजार नजरेआड होतो. मद्य आणि त्वचा यांचा संबंध नीट समजून घ्यावयाचा, तो या दोन्ही चुका टाळण्यासाठी.

मुरूम का येतात?

तारुण्यपीटिका, म्हणजेच बोलीभाषेतील मुरूम किंवा पुटकुळ्या, हा काही आजच्या राहणीने आणलेला विकार नव्हे. सुश्रुतसंहितेत 'मुखदूषिका' या नावाने त्यांचे वर्णन आढळते. तरुणांच्या तोंडावर उठणाऱ्या या पीटिकांना तेथे शाल्मलीच्या, म्हणजे काटेसावरीच्या काट्यांची उपमा दिलेली आहे. ज्याने काटेसावरीचे खोड जवळून पाहिले असेल, त्याला ही उपमा किती चपखल आहे हे सांगावयास नको.

आधुनिक वैद्यकशास्त्राने या विकाराची उकल चार कारणांत केली आहे. वयात येताना शरीरातील विशिष्ट संप्रेरके वाढतात आणि त्यामुळे त्वचेतील तैलग्रंथी अधिक तेल स्रवू लागतात, हे पहिले कारण. केसाच्या मुळाशी असलेल्या सूक्ष्म नलिकेचे तोंड मृत पेशींनी बुजते, हे दुसरे. साचलेल्या तेलात त्वचेवर नेहमीच वस्तीला असणारे काही जीवाणू फोफावतात, हे तिसरे. आणि त्या साऱ्याला शरीराने दिलेला प्रतिसाद म्हणून दाह होतो, हे चौथे. यांत आनुवंशिकतेचा भाग मोठा असतो. आईवडिलांना तरुणपणी मुरूम येत असतील, तर मुलांना ते येण्याचा संभव वाढतो. या चार कारणांत अस्वच्छता नाही, दुर्वर्तन नाही आणि मद्यही नाही. ज्यांनी मद्याला कधी स्पर्शही केलेला नाही, अशा असंख्य मुलामुलींना मुरूम येतात. तेव्हा पुटकुळ्या पाहून मुलावर संशय घेणे हे शास्त्राला धरून नाही आणि न्यायालाही धरून नाही.

मद्याचा वाटा किती?

मग मद्याचा मुरुमांशी काहीच संबंध नाही काय? मद्यपानामुळे मुरूम उत्पन्न होतात, असे सिद्ध झालेले नाही. याविषयी झालेल्या पाहण्यांचे निष्कर्ष एकमेकांशी जुळणारे नाहीत. मात्र आधीच असलेला त्रास वाढविण्यास मद्य काही आडवाटांनी हातभार लावू शकते.

पहिली वाट साखरेची. मद्य पुष्कळदा गोड शीतपेयात मिसळून घेतले जाते आणि त्याबरोबर तळलेले, मैद्याचे पदार्थ खाल्ले जातात. रक्तातील साखर झपाट्याने वाढविणाऱ्या आहारामुळे इन्शुलीन वाढते आणि त्याच्या परिणामी तैलग्रंथींना चालना मिळते. ऑस्ट्रेलियात २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात १५ ते २५ वर्षे वयाच्या ४३ मुरूमग्रस्त तरुणांपैकी काहींना १२ आठवडे साखर सावकाश वाढविणारा आहार देण्यात आला. नेहमीचा आहार घेणाऱ्यांच्या तुलनेत त्यांचे मुरूम अधिक कमी झाले. प्रयोग लहान होता. पण त्याने दाखविलेली दिशा ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

दुसरी वाट झोपेची. मद्याने डोळा लवकर लागतो, परंतु उत्तररात्रीची झोप मोडते. शरीराची झीज भरून येण्यास स्वस्थ झोप हवी. तिला मुकलेली त्वचा निस्तेज दिसते. शिवाय मद्य शरीरातील पाणी राखणाऱ्या संप्रेरकाला दाबते. त्यामुळे लघवी अधिक होते आणि घसा व ओठ कोरडे पडतात.

तिसरी वाट सर्वांत महत्त्वाची, ती औषधांची. तीव्र मुरुमांवर तज्ज्ञ डॉक्टर आयसोट्रेटिनॉइन हे औषध देतात. या औषधाने यकृतावर भार येऊ शकतो आणि रक्तातील चरबी वाढू शकते. मद्यही तेच करते. म्हणून या उपचारांच्या काळात मद्य वर्ज्य करण्याचा सल्ला दिला जातो. (गर्भारपणात हे औषध घेतल्यास गर्भाला गंभीर व्यंग येते, म्हणून ते वैद्यकीय देखरेखीवाचून कोणीही घेऊ नये.) गजकर्णावर दिल्या जाणाऱ्या ग्रिसिओफल्विन या औषधाबरोबर मद्य घेतल्यास चेहरा तापून लाल होणे आणि छातीत धडधडणे असे त्रास होऊ शकतात. औषध सुरू असताना मद्य घेत असल्यास ते डॉक्टरांना सांगण्याचा संकोच बाळगू नये.

लाल नाक म्हणजे मद्यपी नव्हे

मद्य पोटात गेले की त्वचेखालच्या सूक्ष्म रक्तवाहिन्या रुंदावतात आणि चेहरा लालसर होतो. हा परिणाम तात्पुरता असतो. परंतु 'रोझेशिया' नावाचा एक स्वतंत्र त्वचाविकार आहे. त्यात गाल व नाक वारंवार लाल होतात, बारीक रक्तवाहिन्या दिसू लागतात आणि मुरुमांसारख्या पुटकुळ्याही उठतात. तो बहुधा तिशीनंतर सुरू होतो. ऊन, उष्ण पेये, तिखट पदार्थ, मानसिक ताण आणि मद्य यांनी तो चाळवतो. अमेरिकेतील ८२ हजारांहून अधिक परिचारिकांच्या दीर्घकालीन पाहणीतून, मद्य घेणाऱ्या स्त्रियांत या विकाराचे प्रमाण काहीसे अधिक असल्याचे २०१७ साली प्रसिद्ध झाले. तथापि, मद्य न घेणाऱ्यांनाही तो होतो, हे विसरता कामा नये. सावळ्या वर्णावर लाली चटकन दिसत नाही; त्यामुळे आपल्याकडे हा विकार ओळखण्यास उशीर होण्याचा संभव असतो.

याच विकाराच्या पुढच्या अवस्थेत काहींचे नाक जाड व गाठाळ होते. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात दोमेनिको गिरलांदायो या इटालियन चित्रकाराचे सुमारे १४९० सालचे एक चित्र आहे. गाठाळ नाकाचा एक वृद्ध आणि त्याच्याकडे निरागस प्रेमाने पाहणारा नातू, असा त्याचा विषय. पाश्चात्य देशांत अशा नाकाला शतकानुशतके 'दारुड्याचे नाक' म्हणून हिणविले गेले. चित्रातल्या त्या बालकाला मात्र नाकाच्या पलीकडचे आजोबा दिसत आहेत. मोठ्यांनी ही दृष्टी उचलावयास हरकत नाही.

खरी खूण कोठे पाहावी?

चेहऱ्यावरील पुटकुळ्यांवरून मद्यपी ओळखता येत नाही, तरी दीर्घकाळच्या अतिमद्यपानाच्या खुणा त्वचेवर उमटतात हेही तितकेच खरे. यकृत निकामी होऊ लागले की छाती, मान व खांदे यांवर कोळ्याच्या आकाराचे बारीक लाल ठिपके दिसतात, तळहात लाल होतात, त्वचा व डोळे पिवळे पडतात आणि अंगाला खाज सुटते. ही लक्षणे इतर आजारांतही आढळतात, म्हणून निदान डॉक्टरांनीच करावयाचे असते. परंतु ती दिसताच रुग्णालय गाठले पाहिजे.

दख्खनच्या पठारावर ज्या एका खुणेची विशेष जाणीव ठेवली पाहिजे, ती 'पेलाग्रा' या रोगाची. उन्हाला उघड्या राहणाऱ्या भागांवर, म्हणजे हातांचे पंजे, पावले आणि गळा यांवर, दोन्ही बाजूंना सारखेच काळपट, खरखरीत चट्टे उठतात. गळ्याभोवती तर जणू हार घातल्यासारखा पट्टा दिसतो. १७३५ साली हा रोग प्रथम वर्णन करणाऱ्या गास्पार कासाल या स्पॅनिश वैद्याचे नाव त्या पट्ट्याला मिळाले आहे. त्वचेमागोमाग जुलाब लागतात, पुढे बुद्धीला भ्रम होतो आणि उपचार न झाल्यास मृत्यू ओढवतो. नायसिन या जीवनसत्त्वाची उणीव हे त्याचे कारण. त्याचा उलगडा १९३७ साली अमेरिकेत झाला.

हैदराबादच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेतील डॉ. सी. गोपालन आणि डॉ. श्रीकांतिया यांनी १९६० साली ज्वारी खाणाऱ्या गरीब कुटुंबांतील पेलाग्राकडे लक्ष वेधले होते. ज्वारीतील ल्यूसीन या घटकाचे आधिक्य शरीराच्या नायसिन-व्यवहारात अडथळा आणत असावे, असे त्यांनी मांडले. याचा अर्थ भाकरी वाईट असा नव्हे. भाकरीबरोबर डाळ, शेंगदाणे, दूध, अंडी यांपैकी काही असले म्हणजे उणीव भरून निघते. अडचण येते ती तेव्हा, जेव्हा मजुरीतला मोठा हिस्सा दारूत जातो आणि ताटात कोरडी भाकरीच काय ती उरते. दारूने भूक मरते, खाल्लेले अंगी लागत नाही आणि जीवनसत्त्वांचा साठा संपत जातो. अशा माणसाच्या हातांवरचे काळे चट्टे हे उन्हाने करपणे नसून त्याच्या शरीराने केलेला धावा असतो.

समाधानाची गोष्ट ही की, हा रोग वेळीच ओळखला तर त्यावरचे औषध स्वस्त आणि गुणकारी आहे. नायसिनच्या गोळ्या व सकस आहार सुरू होताच काही दिवसांतच भ्रम व जुलाब ओसरू लागतात; त्वचा काही आठवड्यांत निवळते. प्राथमिक आरोग्य केंद्रातील डॉक्टरांना ते चट्टे दाखविणे आणि मद्यपानाची माहिती न लपविता देणे, एवढी पहिली पायरी घरच्यांनी चढली पाहिजे.

उपचार आणि आधार

मुरुमांसाठी सौम्य साबणाने दिवसातून दोनदा चेहरा धुणे, पुटकुळ्या न फोडणे आणि डॉक्टरांनी दिलेले औषध काही आठवडे नेटाने लावणे हा सरळ मार्ग आहे. औषधांच्या दुकानातून परस्पर घेतलेली स्टेरॉइडमिश्रित मलमे कटाक्षाने टाळावीत. त्यांनी चार दिवस चेहरा उजळल्यासारखा वाटतो, पण पुढे त्वचा पातळ होते आणि मुरूम अधिकच उसळतात.

मद्याविषयी जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये जाहीर केलेली भूमिका स्पष्ट आहे. आरोग्याच्या दृष्टीने मद्याची कोणतीही मात्रा निर्धोक म्हणता येत नाही. जो रोज भरपूर पितो त्याने मात्र स्वतःच्या मनाने एकाएकी बंद करू नये. थरकाप, भ्रम, आकडी असे गंभीर त्रास उद्भवू शकतात. म्हणून हे काम डॉक्टरांच्या देखरेखीखाली व्हावे. १९८६ साली पुण्यात सुरू झालेल्या मुक्तांगणसारख्या व्यसनमुक्ती केंद्रांनी अनेकांना हा मार्ग दाखविला आहे. १४४४६ या राष्ट्रीय निःशुल्क दूरध्वनी क्रमांकावरही मार्गदर्शन मिळते.

त्वचा हा शरीराचा आरसा आहे असे म्हणतात. पण आरशात पाहताना काय शोधावयाचे हे ठाऊक असावे लागते. पुटकुळ्या आलेल्या मुलाला संशयाची नव्हे, धीराची गरज आहे. लाल नाकाच्या गृहस्थाला कुचेष्टेची नव्हे, उपचारांची गरज आहे. आणि ज्याच्या हातांवर काळे चट्टे उठले आहेत, त्याला उद्यावर न टाकता आजच दवाखान्यात नेणाऱ्या माणसाची गरज आहे.